उन्हाचा सातबारा

सांगलीत उन्हाला आजवर मालक नव्हता. पाण्याला होते, वाळूला होते, उसात जाणाऱ्या पायवाटेलासुद्धा तीन-तीन होते; ऊन तेवढं बेवारस. ते फुकट पडायचं आणि आपण त्याला फुकट नावं ठेवायची. मार्च ते जून ‘काय ऊन म्हणायचं हे’ या वाक्यानेच गल्लीत लोक एकमेकांना नमस्कार करायचे. आता निम्म्या गच्च्यांवर सोलर चढलंय, आणि ज्या दिवसापासून उन्हाची युनिटं मोजली जाऊ लागली त्या दिवसापासून ऊन ही स्थावर मालमत्ता झाली आहे. मालमत्ता म्हटली की हद्द आली, हद्द आली की अतिक्रमण आलं. आमच्या आज्या-पणज्यांनी बांध कोरण्यावरून कोर्टात हयात घालवली. आम्ही सावलीवरून घालवू, अशी लक्षणं आहेत.

याला चालना सरकारनेच दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आली. उद्दिष्ट १ कोटी घरांचं. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार. त्यापुढे कितीही चढवा, सरकार तिथेच हात आखडतं. परिणामी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची विजेची गरज रातोरात बरोबर तीन किलोवॅट झाली. ज्यांच्याकडे दोन पंखे आणि एक टीव्ही त्यांनाही तीन, ज्यांच्याकडे चार एसी त्यांनाही तीनच. आम्हीही तीन घेतले. ‘तुम्हाला नेमके किती लागतात?’ असं वेंडरच्या पोराने विचारलं, तेव्हा मी ‘सबसिडी किती आहे?’ असं उत्तर दिलं आणि तो न बोलता लिहून घेता झाला. बहुतेक सगळेच हेच उत्तर देत असावेत.

हा पोरगा पाहणीला आला तो नेमका मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी. सांगली सतराव्या अक्षांशाच्या जरा अलीकडे. मेच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायात गडप होते. शून्य सावली दिवस म्हणतात त्याला. शाळेतली मुलं मैदानात बाटली उभी करून बघतात. अशा मुहूर्तावर त्याने चारी दिशांना मोबाईल फिरवला आणि ‘शॅडो काहीच नाही सर, साईट एक नंबर’ असा अहवाल दिला. खरंच होतं ते. त्या दुपारी अख्ख्या सांगलीत कशालाच शॅडो नव्हती.

सोलरवाल्यांच्या हिशेबात एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात. तीनला ३००. आमची गच्ची ७०० फुटांची, म्हणजे कागदावर अर्ध्याहून जास्त मोकळी. पण कागदाला आमच्या गच्चीचे वहिवाटदार ठाऊक नव्हते. पूर्वेचा कोपरा कढीपत्ता-कोरफडीच्या कुंड्यांचा. मधल्या दोन दोऱ्या सौभाग्यवतींच्या. तिथे दुसऱ्या कुणी रुमाल वाळत घातला तरी तो संध्याकाळी जिन्यात सापडतो. जिन्याच्या खोलीची सावली दहावीतल्या मुलीची, अभ्यास या नावाखाली. कोजागिरीला सगळी गच्ची सार्वजनिक. आणि मार्च ते मे, पश्चिमेचा नळ सोडून उरलेला सगळा प्रदेश आईच्या वाळवणाचा. पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून बसतात. दक्षिणेचा पट्टा म्हणजे कुरडया.

‘किती वर्षं टिकतंय हे?’ आईने विचारलं.

‘पंचवीस वर्षं वॉरंटी आहे, आज्जी.’

‘मी नसणार. ते असू दे. तुझी कंपनी असणार का?’

पोरगा प्रामाणिक निघाला. तो खाली मान घालून टेप गुंडाळायला लागला.

शेवटी तोडगा निघाला तो उंच स्ट्रक्चरचा. नऊ फुटांचे खांब, वर पॅनेलं, खालून माणूस ताठ चालेल. पैसे जास्त, पण वहिवाट शाबूत. ‘माणूस चालंल की,’ आई म्हणाली, ‘पापडाचं काय? सावलीत वाळवण घालतंय का कोण?’ हा मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच तो कुणी विचारात घेतला नाही.

त्यानंतर दोन दिवस पॅनेलं कठड्याला टेकवून उभी होती. माणसापेक्षा उंच, साडेसात फुटांची, पावणेचार फूट रुंद, गुळगुळीत काच, भोवती ॲल्युमिनियमची बोटभर चौकट. दुपारी आई गुडघे धरत वर गेली. पदराने एका काचेचा कोपरा पुसला, तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा काढला. बराच वेळ ती त्या काचेकडे बघत होती. आम्हाला वाटलं, पटलं वाटतं. मग म्हणाली, ‘अरे, ह्याच्यावर कुरडया काय सुरेख वाळतील! खाली साडी नको, प्लॅस्टिक नको. चौकट आहे, घसरून पडायच्या पण नाहीत.’

पोराने तिला समजावलं. सहाही पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की सगळ्या माळेचा जोर कमी होतो. सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे काढायला आत डायोड असतात, पण तोटा व्हायचा तो होतोच. आईने शांतपणे ऐकून घेतलं. ‘मग एक पॅनेल माझं वेगळं काढ. त्याला वायरच जोडू नको.’ पाच पॅनेलांवर सबसिडी कमी बसते, असं मी मध्ये पडून सांगितलं. विषय मिटला असं त्या वेळी वाटलं.

बसवण्याच्या कामाबद्दल फार लिहीत नाही. घर बांधलेल्या प्रत्येकाला स्लॅबला ड्रिल लागण्याचा आवाज आपल्याच दाढेत ऐकू येतो, एवढं सांगितलं की पुरे. आमच्या गच्चीवर चायना मोझॅक, त्याखाली कोबा, आणि ती गळत नाही ही माझी आयुष्यातली एकमेव वादातीत मिळकत. म्हणून भोकं न पाडता सिमेंटचे ठोकळे ओतून त्यात खांब उभे करायचं ठरलं. अर्थिंगसाठी अंगणात तीन खड्डे पडले, एक डीसीचा, एक एसीचा, एक आकाशातून कोसळणाऱ्या विजेचा. ‘तिची युनिटं आपल्या नावावर धरतात का?’ हा आईचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

इन्व्हर्टर कुठे लावायचा हा प्रश्न इतर गावांत दोन मिनिटांत सुटतो. मीटरशेजारी. सांगलीत तसं चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हाची रेघ आमच्या बैठकीच्या भिंतीवर अजून आहे. रंग देताना आम्ही तेवढी पट्टी मुद्दाम सोडतो. इन्व्हर्टर त्या रेघेच्याही वर, पहिल्या मजल्याच्या जिन्यात गेला. आईला या सगळ्या प्रकारात एकच फायदा दिसला तो इथे. ‘पूर आला की गल्ली आपल्याच गच्चीवर येते. बसायला मांडव झाला.’

आता सोलरचं सगळ्यांत मोठं गुपित. विकताना ते लपवतात असं नाही. सांगतात, पण त्या वेळी आपण ७८ हजारांत काय काय येईल याचा विचार करत असतो. गुपित असं, की लाईट गेली की सोलरही जातं. बॅटरी नसलेला साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरच्या तारेत वीज असेल तोवरच चालतो. ती गेली की तो क्षणात स्वतःला बंद करून घेतो. कारण अगदी रास्त आहे. डीपीवर वायरमन चढलेला असेल आणि आमच्या गच्चीवरची वीज उलटी त्याच्या तारेत शिरली, तर बिचाऱ्याच्या जिवावर बेतेल. कारण रास्त असलं म्हणून घाम कमी येत नाही. एप्रिलमधल्या दुपारी एक वाजता, डोक्यावर तीन किलोवॅट तळत पडलेले असताना, खाली आम्ही जुन्या लग्नपत्रिकेने वारा घेत बसतो.

आणि पाच मिनिटांत फाटक वाजतं. हातात मोबाईल, मोबाईलला लोंबणारा चार्जर.

‘तुमच्याकडं लाईट असंल न्हवं? सोलर आहे की.’

मी इन्व्हर्टरचा स्वभाव, वायरमनचा जीव, तारेतली उलटी वीज असं सगळं क्रमाने सांगतो. समोरचा माणूस मान हलवतो, ‘असं असतंय होय’ म्हणतो आणि जाताना खिडकीतून आमचा पंखा फिरतोय का हे बघून जातो. गल्लीत आता ठाम समज आहे की आमच्याकडे वीज असते, आम्ही देत नाही. गेल्या हळदीकुंकवाला सौभाग्यवतींना दोघींनी हे आडून सुचवलंही.

देतो तर आम्ही रोज. नेट मीटरचा व्यवहार म्हणजे शेजारणींची वाटीभर साखरेची उसनवारी. दुपारी आमची जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री तेवढी परत येते, महिन्याच्या शेवटी ज्याची वाटी उरली त्याच्या नावे ती मांडून ठेवतात, आणि मार्चअखेर उरलेल्याचे पैसे कंपनी तिच्या दराने देते. तो दर बघितल्यावर कळतं की आपली साखर नेताना वाटी सपाट असते. शिवाय स्थिर आकार नावाची रक्कम बिलात येतेच. ‘आमचं बिल शून्य येतं’ असं सांगणाऱ्या कुठल्याही माणसाला बिल दाखवायला सांगा. तो विषय बदलून पावसावर येईल.

आणि पावसावर तर तो आपणहूनही येतो, कारण सोलरवाल्याच्या मोबाईलमध्ये ॲप असतं. आमराईत सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी पूर्वी एकमेकांची शुगर विचारायची.

‘काल किती?’

‘तेरा पॉइंट दोन.’

‘आमचे अकराच आले.’

‘दाखवून घ्या कुणाला तरी.’

तीन किलोवॅटला दिवसाला बारा युनिटं पडली की प्रकृती ठीक समजायची. आषाढ-श्रावणात ती निम्म्यावर येते, आणि शेतकऱ्यांनी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिलेला पाऊस बघून आमच्या बाकावर सुतकी शांतता पसरते. हे मोठ्याने बोलायची सोय नसते, कारण बाकावरच्या प्रत्येकाची गावाकडे दोन-चार एकर जमीन आहे. एकाच माणसाचा एक हात आभाळाला जोडलेला आणि दुसरा ॲपवर, अशी स्थिती.

१९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट तयार झाला, तो पडलेल्या उन्हातलं जेमतेम ६ टक्के विजेत बदलायचा. आज चांगलं पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे जातं. विज्ञान शिकलेल्या माणसाला यात प्रगती दिसते. बँकेत कॅशियर म्हणून उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला उरलेले ८० टक्के दिसतात. एवढं ऊन आपल्याच गच्चीवर, आपल्याच डोळ्यांदेखत वाया! त्यात पॅनेलचा नखरा असा, की त्याला ऊन हवं पण उकाडा नको. २५ अंशांच्या वर काच जसजशी तापते तसतसं उत्पादन अंशाअंशाने घसरतं. मेमध्ये तर ती ६० च्या पुढे जाते. ज्या उन्हात आपली टाळू तडकते त्या उन्हात पॅनेलही मरगळतं. त्याला मानवतं ते फेब्रुवारी-मार्चचं, आभाळ स्वच्छ आणि वारा गार असलेलं. थोडक्यात, पॅनेललाही महाबळेश्वरच हवंय.

राखणीचा भाग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण सोलर बसवायला तीन दिवस लागतात आणि राखायला पंचवीस वर्षं. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातून काळी, हलकी, लांबट काजळी गावावर उतरते. पूर्वी ती वाळत घातलेल्या धोतरावर पडायची आणि आई कारखान्याच्या संचालक मंडळाला उद्देशून दोन शब्द बोलायची. आता ती पॅनेलवर पडते आणि दोन शब्द मी बोलतो. त्यातही कडी अशी, की आपल्याकडचे बरेच कारखाने बगॅस जाळून वीज करतात आणि ती ग्रिडला विकतात. म्हणजे त्यांच्या विजेची काजळी आमच्या विजेवर. एकाच धंद्यातले दोघे म्हटल्यावर हे असं चालायचंच.

ती धुवायचेही नियम आहेत. बोअरचं पाणी वापरायचं नाही, क्षाराचे पांढरे ओघळ राहतात. कपड्याची पावडर नाही, तारेची घासणी नाही. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतायचं नाही, तडा जाऊ शकतो. म्हणून मी उजाडायच्या आत जिन्याच्या खोलीवर चढून, नळाचं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ वायपर घेऊन सहा पॅनेलांना स्नान घालतो. पूर्वेला तांबडं फुटत असतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी सूर्याला अर्घ्य देतंय. जवळून बघणारी सौभाग्यवती म्हणते, ‘उभ्या संसारात एकदा बेसिन पुसलं असतंत तर.’

त्यातून पारवे. पॅनेलच्या खालची जागा पारव्यांना इतकी पसंत आहे, की ती योजना त्यांच्यासाठीच आखली असावी: वर छप्पर, खाली वारा, मांजर पोचत नाही, भाडं नाही. सबसिडी आमच्या नावावर जमा झाली त्याच आठवड्यात पहिल्या जोडप्याने गृहप्रवेश केला. कुणी म्हणालं प्लॅस्टिकचं घुबड बसवा. ‘घरावर घुबड?’ म्हणून आई दोन दिवस जेवणावर रुसली. पारवे तिसऱ्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर बसले. मग कडेने जाळी मारली. ती चौकटीला भोक पाडून नव्हे, चिमट्यांनी लावायची, कारण चौकटीला भोक पडलं की वॉरंटी उडते. पारवे उडत नाहीत. ते आता जाळीला चोच लावून आत कुणाची सोय झाली याची चौकशी करतात.

गल्लीतल्या पोरांचं क्रिकेट हा वेगळा अध्याय. पूर्वी चेंडू गच्चीवर गेला की मी तो जप्त करायचो. हल्ली मीच त्यांना टेनिसचे नवे चेंडू आणून देतो, अट एकच, सीझनच्या चेंडूला हात लावायचा नाही. आमच्या बाजूला सिक्स मारला तर आऊट, हा नियमही माझाच. त्यामुळे पोरं सगळे फटके दक्षिणेच्या घरातल्या गुरुजींच्या काचांकडे मारतात, आणि याबद्दल गुरुजींनी अजून मला काही म्हटलेलं नाही.

गारांची तेवढी काळजी नव्हती. पॅनेलच्या चाचणीत २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगाने काचेवर मारतात, असं मी रत्नागिरीच्या मेव्हण्याला अभिमानाने सांगितलं. ‘आणि नारळ?’ तो म्हणाला. त्याच्या घराभोवती अकरा माड आणि अंगणात वानरांची टोळी. वानरं सकाळी पॅनेलवरून घसरगुंडी खेळतात आणि दमली की त्यावरच बसून एकमेकांच्या उवा काढतात. नारळाची आणि वानराची चाचणी जगात कुठेही होत नसावी. कोकणी माणसासाठी कुणी काही करत नाही, हे त्याचं जुनं मत आणखी पक्कं झालं.

तासगावच्या मावसभावाशी मात्र माझी या निमित्ताने नव्याने सोयरीक जुळली. त्याची द्राक्षबाग. जानेवारीत आभाळ भरून आलं की तो फोन करून तासभर दावण्या रोगाचं दुःख सांगायचा आणि मी बँकेच्या एसीत बसून ‘हं, हं’ करायचो. परवा आभाळ भरून आलं तेव्हा फोन मी केला.

‘तुझ्याकडं ढग कसे आहेत?’

तो बराच वेळ हसला. ‘आलास का बांधावर? बस.’

खंडेनवमीला इन्व्हर्टरला झेंडूची माळ घातली. हवा जायच्या फटी मोकळ्या सोडून.

आणि डिसेंबर आला. सूर्य दक्षिणेला सरकला, आणि मेमध्ये अस्तित्वातच नसलेली सावली जागी झाली. दक्षिणेच्या गुरुजींच्या जिन्याच्या खोलीवर काळी टाकी आहे. तिची सावली सकाळी नऊला निघते, गल्लीची बोळकांडी ओलांडते आणि आमच्या कोपऱ्यातल्या पॅनेलवर येऊन साडेदहापर्यंत ठिय्या देते. मी गुरुजींकडे गेलो. ॲपचा आलेख दाखवला, सकाळचा खड्डा दाखवला, टाकी फक्त चार फूट पलीकडे सरकवा म्हणालो. गुरुजी भूगोलाचे. त्यांनी मला उत्तरायण, दक्षिणायन आणि पृथ्वीचा २३.५ अंशांचा कल चहासकट शिकवला आणि म्हणाले, ‘टाकी जागच्या जागीच आहे हो. सरकलाय तो सूर्य. त्याला सांगा.’

मी परत आलो तर उत्तरेचे अण्णा आमच्या गच्चीवर उभे. हातात खडू. ते म्हणाले, ‘आम्हीही सोलर घेतोय. तीन किलोवॅट. पोरगा येऊन बघून गेला. तो म्हणतो, तुमच्या ह्या मांडवाची सावली सकाळी आमच्या गच्चीवर येतेय. ही बघा.’ कठड्यावरून त्यांनी त्यांच्या गच्चीवरच्या खडूच्या रेघा दाखवल्या. नऊची, साडेनऊची, दहाची. रेघा सरळ होत्या. तलाठ्यालासुद्धा इतक्या सरळ काढता येत नाहीत.

‘अण्णा,’ मी म्हणालो, ‘स्ट्रक्चर जागच्या जागीच आहे. सरकलाय तो...’

‘ते गुरुजींनी मला मघाशीच सांगितलंय,’ अण्णा म्हणाले. ‘माझं म्हणणं एवढंच, तुमचे खांब जरा कापून खाली घ्यायचे. नऊचे तीन फूट करा. खर्च निम्मा मी देतो.’

मी नाही म्हणणार तेवढ्यात जिन्यातून आईचा आवाज आला. गुडघे धरत ती वर येत होती.

‘घ्या की खाली! अण्णा बरोबर बोलतोय. तीन फूट म्हणजे माझ्या हाताला येतंय. यंदाच्या कुरडया...’